सोयाबीन घरचं, तेल वाण्याचं

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात किराण्याची यादी लिहायला बसलात की तुमचा हात कुठल्या ओळीवर अडखळतो? साखर, चहा, पोहे, रवा ही नावं भराभर लिहून होतात. तेलाशी आलं की पेन थांबतं. मागच्या महिन्यात पाच लिटरचा कॅन आणला, तो पंचवीस तारखेलाच तळाशी गेला. मग या वेळी चार लिटरच लिहावं का? तूरडाळीशी पुन्हा तेच. आणि बेरीज काही केल्या बसेना की जिच्याबद्दल घरात कुणी तक्रार करणार नाही अशी एक ओळ आपण हळूच खोडतो. कधी ते आपल्यासाठी आणायचे शेंगदाणे असतात, कधी आपल्या वाटणीचं कपभर दूध. ती खोडलेली ओळ कुणाला दिसत नाही. तिच्याविषयी पुढे बोलू, पण आधी तेलाचा आणि डाळीचा हिशेब मांडू या.

धाराशिव, कळंब, उमरगा, तुळजापूर, परंडा अशा गावांत राहणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणींचं एक पाऊल शेतात असतं. (२०२३ सालापासून जिल्ह्याचं नाव कागदावर धाराशिव झालं, तरी जुन्या पिढीच्या जिभेवर अजून उस्मानाबादच आहे.) मालक शाळेत, बँकेत, नाहीतर एसटीत, पण सासऱ्यांच्या नावावर चार-पाच एकर असतात आणि त्यात बहुतेक करून सोयाबीन असतं. दसऱ्याच्या आगेमागे ते मोंढ्यात जातं. त्याच मोंढ्याच्या बाहेरच्या दुकानातून आपण सोयाबीन तेलाचा कॅन घेऊन येतो. पोत्यातलं सोयाबीन स्वस्त आणि कॅनमधलं तेल महाग, हे कोडं तुम्हालाही पडत असेल.

त्यातलं गणित असं. एक क्विंटल सोयाबीन गाळलं की त्यातून साधारण अठरा किलो तेल निघतं. बाकी जवळजवळ सगळी पेंड, ऐंशी किलोच्या आसपास. म्हणजे सोयाबीनचा भाव तेलापेक्षा पेंडीवर जास्त अवलंबून. पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात आणि परदेशी. गेल्या दोन-तीन वर्षांत मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा खाद्यवाल्यांना स्वस्तात मिळू लागला, पेंडीचा उठाव कमी झाला आणि सोयाबीन पडलं. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये; आपल्या भागातल्या बाजारांत कितीतरी दिवस त्याच्या खालीच सौदे होत होते.

तेलाचं सूत्र निराळंच. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनमधून. म्हणून २०२२ च्या फेब्रुवारीत तिकडे लढाई पेटली आणि इकडे आपल्या कढईला चटका बसला. त्याच वर्षी एप्रिलअखेर इंडोनेशियानं पामतेलाची निर्यातच तीन-साडेतीन आठवडे बंद ठेवली. पुढे १४ सप्टेंबर २०२४ ला, ऐन गणपतीत, सरकारनं कच्च्या तेलावरचं एकूण आयातशुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेलं. हेतू असा, की बाहेरचं तेल महाग झालं म्हणजे शेतकऱ्याच्या सोयाबीनला भाव येईल. तेल महाग झालं ते लगेच, त्याच आठवड्यात. सोयाबीन काही हललं नाही. २०२५ च्या मे अखेरीस शुल्क १६.५ टक्क्यांवर उतरवलं. आता सांगा, आपण शेतकरीण म्हणून खूश व्हायचं, की गिऱ्हाईक म्हणून रडायचं? एकाच घरात या दोघी राहतात, एवढं मात्र खरं.

या भावांवर आपला काही इलाज चालत नाही. कॅनच्या आकारावर चालतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं दोन हजार उष्मांकांच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. चार मोठ्या माणसांचं महिन्याचं झालं सव्वातीन किलो. पाच लिटरच्या कॅनमध्ये साडेचार किलोहून थोडं जास्त तेल असतं, कारण तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला ९१० ग्रॅम. म्हणजे तूप अजिबात न खाता चौघांनी तो कॅन महिन्यात संपवला तरी आपण किलो-सव्वा किलो जास्तीचं वापरतो. तुम्ही म्हणाल, मोजून कोण ओततं? मोजून नका ओतू. पहिल्या तारखेला महिन्याचं तेल एका बरणीत काढा आणि बरणीवर बाहेरून चार रेघा मारा, चार आठवड्यांच्या. दर रविवारी नजर टाकली की पुरे. कढईत थेट कॅन उपडा करणं बंद झालं आणि फोडणीला पळी आली, एवढ्यानंच बराच फरक पडतो. तळणाचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका, दोन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवा.

आणि जाता जाता, आपल्या आज्या करडीचं तेल खात. मराठवाड्यात ज्वारीच्या रानात करडईच्या ओळी असत, गावात घाणा असे आणि कोवळ्या करडईची भाजी थंडीत ताटात येई. सोयाबीन आलं, त्यामागून हरभरा आला, काटेरी करडई काढायला मजूर मिळेनात, आणि ती ओळ रानातून गेली. आज लाकडी घाण्याचं करडी तेल शहरात चैनीची वस्तू म्हणून विकतात. ज्वारीचंही तेच झालं. गरिबाची म्हणून हिणवलेली शाळूची भाकरी आता गव्हाच्या पोळीपेक्षा महाग पडते.

डाळ केव्हा घ्यावी

तेलाला हंगाम नाही, पण डाळीला आहे, आणि इथंच शहरातल्या बायकांपेक्षा आपलं पारडं जड आहे. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत मोंढ्यात येते. हरभरा आणि शाळू त्याच्या मागोमाग, गहू मार्च-एप्रिलात. नवी चिंच, लाल मिरची याच दिवसांत. उन्हाळी कांदा एप्रिल-मे मध्ये सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ असतो. तोच पुढे नवरात्र-दिवाळीच्या सुमाराला जुना संपत आलेला, नवा यायचा असलेला, म्हणून डोळ्यांत पाणी आणतो. मूग-उडीद पोळ्यापासून गणपतीपर्यंत नवे असतात. हे तुमच्या सासूबाईंना पाठ होतं. आपण मात्र महिन्याच्या महिन्याला अर्धा-एक किलोची पाकिटं आणत राहिलो, आणि ज्या महिन्यात माल सगळ्यात महाग त्या महिन्यातही आणत राहिलो.

आता यात एक खाचखळगा आहे, तो नीट समजून घ्या. साठवण करायची ती सुगीत, टंचाईत नव्हे. २०१५ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली होती, आठवतं ना? 'अजून वाढेल' या धास्तीनं कितीतरी घरांत त्या भावानं दहा-दहा किलो भरली गेली. त्या भावाला भुलून शेतकऱ्यांनीही पुढच्या पावसाळ्यात तूर पेरली, पाऊसही बरा झाला, आणि २०१७ च्या सुरुवातीला एवढी तूर आली की ५,०५० रुपयांचा हमीभावसुद्धा मोंढ्यात मिळेना. खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला. टोमॅटोचं तर आणखी झटपट: २०२३ च्या जुलैत किलोला शंभराच्या वर आणि सप्टेंबरात शेतकरी क्रेट रस्त्यावर ओततोय. महाग झालेली वस्तू घाबरून जास्त घेऊ नये. ती कमी घ्यावी आणि दुसरी वापरावी. टोमॅटो नाही तर चिंच आहे, कैरीची वाळवलेली आंबोशी आहे. तूर चढली तर मसूर, मूग, हुलगा, मटकी, चवळी आलटून पालटून घ्या. घरच्यांना तुरीचंच वरण हवं असतं हे खरं. अर्धी तूर आणि अर्धी मसूर एकत्र शिजवून हिंग-जिऱ्याची फोडणी द्या आणि कुणी ओळखतं का ते बघा.

चौघांच्या घराला महिन्याला तीन किलो तूरडाळ लागते असं धरलं, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये सहा महिन्यांची अठरा किलो घेऊन ठेवता येते. एकदम एवढे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. त्याला जुनंच उत्तर आहे: भिशी. पण भिशी साडीची नको, भुसाराची करा. आठ-दहा जणींनी मिळून दर महिन्याला थोडे थोडे जमवायचे आणि फेब्रुवारीत लातूरला, बार्शीला किंवा जवळच्या मोंढ्यात जाऊन एकदम कट्टे उचलायचे, घरी वाटून घ्यायचे. भाड्याचा टेम्पोही वाटला जातो. बचत गट असेल तर त्याच्यामार्फत करा, हिशेब तरी लिहिलेला राहतो.

घरचीच तूर असेल तर ती सगळी मोंढ्यात जाण्याआधी मामंजींकडून पन्नास किलो मागून घ्या. तुरीला तेल-पाण्याचा हात लावून, रात्रभर झाकून, दोन-तीन कडक उन्हं देऊन डाळ मिलला भरडून आणली की शंभर किलोला साधारण सत्तर किलो डाळ पडते. चुणी-कोंडा म्हशीला. भरडाई आणि जाण्यायेण्याचं भाडं धरूनही ही डाळ बहुतेक वर्षी पाकिटाच्या डाळीपेक्षा स्वस्त पडते, आणि वरणाला जो वास येतो तो वेगळाच. कष्ट आहेत, नाही म्हणत नाही. नोकरी करणाऱ्या मैत्रिणीला हे जमणार नाही. तिनं भिशीत पैसे घालावेत आणि उन्हाचं काम दुसरीकडे द्यावं.

साठवणीत एकच गोष्ट सांभाळा, ओल. उन्हातून आणलेलं धान्य गरम असताना डब्यात भरू नका, आत घाम सुटतो आणि किडे होतात. रात्रभर पसरून थंड होऊ द्या. कडुनिंबाचा पाला घालायचा तर तो कडकडीत वाळलेला हवा. मोठ्या कोठीत रोज हात घालण्यापेक्षा आठवड्याचं छोट्या डब्यात काढा.

पाकिटाकडे जरा बघा

पाकीटबंद, लेबल लावलेली डाळ, पीठ, तांदूळ पंचवीस किलोपर्यंतच्या पुडक्यात घेतलं तर त्यावर १८ जुलै २०२२ पासून पाच टक्के जीएसटी बसतो. तीच वस्तू वाण्याकडून सुट्टी, कागदात बांधून घेतली तर हा कर नाही. सुट्टी घेताना निवडून, दाताखाली दाणा फोडून बघण्याची सोय असते ती वेगळीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल यांवरचा कर अठरावरून पाच टक्क्यांवर आला आहे. तेव्हा जुन्या भावाची चिठ्ठी असेल तर ताडून पाहा आणि फरक दिसला नाही तर वाण्याला विचारा. लाजू नका.

दुसरी हातचलाखी वजनाची. बिस्किटाचा पुडा, साबणाची वडी, फरसाणाचं पाकीट यांची किंमत तीच राहते आणि आतला माल गुपचूप उतरतो. तेलाच्या पिशवीतही ९१० ग्रॅमऐवजी ८५०, ८००, ७५० ग्रॅम असलेल्या पिशव्या 'स्वस्त' म्हणून शेजारी मांडलेल्या असतात. पाकिटावर बारीक अक्षरात दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापावा लागतो. मोठी किंमत वाचू नका, ती बारीक ओळ वाचा. चष्मा घरी विसरला असेल तर दुकानातल्या पोऱ्याला वाचायला लावा.

रेशनचंही बघून घ्या. प्राधान्य कार्डावर माणशी पाच किलो आणि अंत्योदयला घरटी पस्तीस किलो धान्य २०२३ च्या जानेवारीपासून मोफत आहे. आपल्या मराठवाड्यातल्या केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना मात्र त्याच महिन्यापासून धान्याऐवजी माणशी दीडशे रुपये खात्यावर देण्याचं ठरलं, तेही घरातल्या कर्त्या बाईच्या खात्यावर. तेवढ्या पैशांत पाच किलो शाळू येतो का, हे मोंढ्यात जाऊन विचारा म्हणजे कळेल. पण जे आपलं आहे ते आलं की नाही, एवढं पासबुक भरून पाहायला काय हरकत?

यादीच छोटी करणाऱ्या बाया

आता आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप उमरगा-लोहाऱ्याकडच्या कुणाला विसरता येणार नाही. त्यानंतर घरं उभी करण्याच्या कामात गावोगावच्या बायकांना पुढे आणलं ते प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं. बचत गट उभे राहिले. पुढे दुष्काळाची वर्षं आली, एकामागून एक. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, म्हणजे बघा. रानात नगदी पीक, ते वाळलं की हातात पैसा नाही, आणि घरात खायचं सगळं विकतचं, भाजीसुद्धा.

तेव्हा या बायकांनी घरच्या माणसांकडे मागितली ती फक्त जमीन, अर्धा ते एक एकर. सगळं रान नको, एवढाच तुकडा, आणि त्यात काय पेरायचं ते आम्ही ठरवणार. त्या एकरात त्यांनी कमी पाण्यावर येणारी खायची पिकं लावली: तूर, मूग, उडीद, ज्वारी-बाजरी, आणि कडेनं भाजीपाला. खत शेणाचं आणि गांडुळाचं. पहिलं घरी खायचं आणि उरलं तर विकायचं. तुळजापूर तालुक्यातल्या गोदावरी डांगे यांच्यासारख्या बायकांनी हे गावोगावी फिरून दुसऱ्यांना शिकवलं. २०१७ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्याच सुमाराला हिंगळजवाडीच्या कमल कुंभार कोंबड्या-शेळ्यांच्या धंद्यातून देशभर ओळखल्या गेल्या.

मला या गोष्टीत पुरस्कारापेक्षा त्या मागणीचं मोल जास्त वाटतं. सातबारा कुणाच्या नावावर आणि पीक कुणी ठरवायचं, हे आपल्याकडे बाईला विचारत नाहीत. स्वयंपाकघर तेवढं तिचं. पण किराण्याची यादी खरं म्हणजे पेरणीच्या वेळीच ठरते. जूनमध्ये सोयाबीनच्या रानात चार-सहा ओळींआड तुरीचं एक तास पडलं, बांधाला चवळी आणि अंबाडी पडली, तर फेब्रुवारीतल्या यादीतून तितक्या ओळी आपोआप गळतात. तुम्ही गावात राहात असाल, रानात जात नसाल, तरी मृगाच्या आधी एकदा मामंजींजवळ हा विषय काढा. 'घरच्या खाण्यापुरतं पेरू या' याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. आणि शेत नसेल तर आठवडी बाजारात, टोपली घेऊन बसलेल्या अशा बायकांकडून माळवं घ्या. तांदुळसा, घोळ, चिघळ, करडई यांच्या जुड्या अजून त्यांच्याकडेच मिळतात आणि दुकानातल्या कोबी-फ्लॉवरपेक्षा स्वस्त पडतात.

ती खोडलेली ओळ

महागाईविरुद्ध बायका रस्त्यावरही उतरल्या आहेत. १९७२ सालच्या दुष्काळात आपल्याकडे खडी फोडायच्या कामावर सुकडी आणि रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली, त्याच वेळी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी पक्षभेद बाजूला ठेवून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली. हातात लाटणी घेऊन निघालेले ते मोर्चे तुमच्या आईला किंवा सासूला आठवत असतील. तेल, साखर, रॉकेल कुठे गेलं, हा सवाल त्या मंत्र्यांना विचारत होत्या.

घरात मात्र आपण कुणालाच सवाल विचारत नाही. गुपचूप आपलं ताट हलकं करतो. सगळ्यांचं झाल्यावर बसायचं, पातेल्याच्या तळाचं वरण पाणी घालून वाढवायचं, दूध मुलांना आणि चहाला पुरलं की आपल्याला नकोच. याला काटकसर म्हणतात हे मला मान्य नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी चौपन्न जणींच्या अंगात रक्त कमी निघालं, आणि आधीच्या पाहणीत हा आकडा अठ्ठेचाळीस होता. धाप लागते, पाय दुखतात, डोकं जड होतं, आणि आपण म्हणतो 'कामाचा शीण'. मग डॉक्टर, तपासण्या, टॉनिकच्या बाटल्या. वर्षभरात वाचवलेल्या दुधाचे पैसे एका फेरीत जातात.

म्हणून यादीची काटछाट करताना क्रम असा ठेवा: आधी बाहेरची पाकिटं आणि फरसाण, मग जास्तीचं तेल, मग साखर. डाळ, पालेभाजी, शेंगदाणे-गूळ यांना हात लावू नका. स्वयंपाक झाल्याबरोबर, वाढायच्या आधी, आपली घट्ट वरणाची वाटी वेगळी काढून झाकून ठेवा. पालेभाजीवर लिंबू पिळा, रक्तवाढीचं सत्त्व अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो ते अडवतो. घरात कुणी वाटीकडे बघून हसलं तर हसू द्या.

डाळीच्या दिवसांत ओढ असेल तर एक आधार मात्र प्रत्येक घरात हवाच, तो म्हणजे आपल्या मराठवाड्याचं येसर. लग्नाच्या पंगतीत येसराच्या आमटीवर सगळे तुटून पडतात आणि घरी आपण ते करायचं विसरलो. एक वाटी ज्वारी किंवा बाजरी, एक वाटी हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी उडदाची डाळ मंद आचेवर वेगवेगळी खमंग भाजा. धने अर्धी वाटी, जिरे दोन चमचे, सुक्या मिरच्या तुमच्या घराला सोसतील तेवढ्या, थोडं सुकं खोबरं, दगडफूल, चार लवंगा, मिरे, दालचिनीचा तुकडा हेही भाजून घ्या. हळद घालून सगळं गिरणीतून किंवा मिक्सरमधून बारीक दळून कोरड्या बरणीत भरा. प्रमाण घरोघर वेगळं असतं, सासूबाईंचं वेगळं असेल तर त्यांचंच धरा. लसूण-कढीपत्त्याची फोडणी करून त्यात पाणी उकळवा. चौघांना चार मोठे चमचे येसर गार पाण्यात कालवून, गुठळी होऊ न देता त्यात सोडा, मीठ आणि चिंचेचा कोळ घाला आणि दहा मिनिटं उकळू द्या. आमटी गार होताना आळते, म्हणून उतरवताना थोडी पातळच असू द्या.